जुनी मॅक्सी स्कूटर घेताना काय बघायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅक्सी स्कूटर म्हणजे नेमकी कोणती? जुन्या बाजारात आपल्याकडे काय काय मिळतं?

पुढे रुंद एप्रन, मोठी वायझर, पाय पुढे ताणून बसता येईल अशी जागा, दोन टप्प्यांची सीट आणि मागे भरदार बॉडी, अशा स्कूटरला मॅक्सी म्हणतात. युरोपात हा शब्द मोठ्या इंजिनाच्या, हायवेवर दिवसभर पळणाऱ्या गाड्यांसाठी वापरला जातो. आपल्याकडे १२५ सीसीलाही मॅक्सी म्हणतात, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

जुन्यात सगळ्यात जास्त दिसते ती सुझुकी बर्गमन स्ट्रीट १२५. ती २०१८ मध्ये आली आणि आता गल्लोगल्ली आहे. तिच्या खालोखाल यामाहा एरॉक्स १५५, जी सप्टेंबर २०२१ मध्ये आली. एप्रिलियाच्या एसएक्सआर १६० आणि एसएक्सआर १२५ अधूनमधून दिसतात, आणि त्या आपल्या बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात बनलेल्या. हौशी लोकांकडे बीएमडब्ल्यू सी ४०० जीटी किंवा कीवे व्हिएस्टे ३०० असते. काही जुन्या मंडळींच्या पार्किंगमध्ये कायनेटिक ब्लेझ अजून धूळ खात उभी आहे. ती बघायला जा, पण पार्ट कुठून आणणार याचं उत्तर हातात असल्याशिवाय विकत घेऊ नका.

साध्या स्कूटरपेक्षा हिच्यात वेगळं काय बघायचं?

जे दिसत नाही ते. साध्या स्कूटरचा सांगाडा, वायरिंग, इंजिन वाकून पाहिलं तरी बरंचसं दिसतं. मॅक्सीवर सगळीकडे फायबर चढवलेलं असतं, त्यामुळे आतली फ्रेम वाकली आहे का, वायरिंग कापून जोडलंय का, कुठे गंज चढलाय का, हे बाहेरून कळतच नाही. पॉलिश मारलेली गाडी फोटोत नवी दिसते ती त्यामुळेच.

दुसरी गोष्ट खर्चाची. या गाड्यांची इंजिनं सहसा धोका देत नाहीत. खिसा रिकामा करतं ते फायबर. एप्रन, आतली शील्ड, दोन्ही बाजूंची पॅनल, फूटबोर्डाखालचं कव्हर, हेडलाइट असा सेट ओरिजिनल घ्यायला गेलात तर इंजिनाच्या किरकोळ कामापेक्षा बिल मोठं होतं. म्हणून तुटकं फायबर दिसलं की ‘वरवरचं आहे, चालतंय’ असं म्हणून सोडू नका. जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, तेवढ्या पार्टची किंमत विचारा, आणि तो आकडा घेऊनच भावाला बसा.

पॅनल न उघडता अपघात झालेली गाडी ओळखता येते का?

बरीचशी येते, घाई केली नाही तर. गाडी मेन स्टँडवर लावा आणि पाच-सहा पावलं मागे जाऊन उभे राहा. मागचं चाक, सीट आणि हँडल एका रेषेत दिसतात का? मग पुढून तसंच पाहा. पुढचं चाक सरळ असताना हँडल एका बाजूला वळलेलं वाटलं तर शॉकअप पिळलेला असू शकतो. तो नुसता सैल करून बसवण्याइतका आहे की वाकलेला, हे मेकॅनिक सांगेल.

आता फायबरचे जोड पाहा. डावीकडची फट आणि उजवीकडची फट सारखी हवी. एका बाजूला नखही जात नाही आणि दुसऱ्या बाजूला नाणं जातं, म्हणजे आतली क्लिप किंवा कान तुटलेला आहे. स्क्रूच्या डोक्यावर पान्याच्या खुणा असतील तर ते पॅनल उघडलं गेलंय. उघडणं हा गुन्हा नाही, सर्व्हिसिंगलाही उघडतात. पण एकाच बाजूच्या सगळ्या स्क्रूंवर खुणा असतील तर विचारा. रंगाची छटा सावलीत नाही, उन्हात पाहा. मॅट रंगावर टचअप लपत नाही. ग्लॉसीवर लपतो.

मग खाली बसा. लाज बाळगू नका, मोबाइलचा टॉर्च लावा आणि पोटाखाली बघा. स्पीडब्रेकरवर घासल्याचे ओरखडे थोडेफार असतातच, विशेषतः एरॉक्सला. तिचा ग्राउंड क्लिअरन्स १४५ मिलिमीटर आहे, बर्गमनचा १६०. पण मेन स्टँडचा माउंट वाकलेला, फ्रेमच्या नळीला चेप, किंवा नव्याने मारलेला काळा स्प्रे दिसला तर गाडी सोडून द्या. ‘स्वस्तात देतो’ म्हणाले तरीही. ब्रेक लिव्हरची टोकं, हँडलच्या टोकाची वजनं, सायलेन्सरचं कव्हर आणि मागच्या माणसाचा फूटरेस्ट, गाडी पडली की आधी हे घासतं. या सगळ्यांच्या एकाच बाजूला ओरखडे असतील तर गाडी त्या बाजूला आडवी झालेली आहे. उभ्या उभ्या पार्किंगमध्ये पडली की चालत्या गाडीवरून, हे ओरखड्यांच्या दिशेवरून कळतं. चालताना पडलेल्या गाडीवर ते लांबट आणि मागे ओढलेले असतात.

किती किलोमीटर चाललेली घ्यावी? मीटरवर विश्वास ठेवायचा का?

मीटर डिजिटल आहे म्हणजे खरा आहे असं नाही. तो बदलता येतो, अख्खं कन्सोल बदलता येतं. त्यामुळे आकड्याला साक्षीदार शोधा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावरून इतिहास निघतो. मालकाला सोबत नेऊन किंवा त्याच्याकडून सर्व्हिसची बिलं मागून तारखा आणि किलोमीटर जुळवा. इन्शुरन्स क्लेम झाला असेल तर तोही बहुतेक वेळा तिथेच दिसतो.

गाडी स्वतःही बोलते. मीटर आठ हजार म्हणतोय, पण ग्रिप गुळगुळीत झाल्यात, सीटची शिवण उसवलीय, फूटबोर्डाचं रबर टाचेपाशी झिजलंय आणि डिस्कच्या कडेला ठसठशीत ओठ तयार झालाय, तर आठ हजारांवर विश्वास ठेवू नका. डिलिव्हरीच्या कामाला लावलेल्या गाड्यांवर मागे बॅगेचं स्टँड बसवल्याची भोकं किंवा घासल्याच्या पट्ट्या दिसतात.

माझं मत विचाराल तर चार वर्षांत तीस हजार चाललेली आणि वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी ही चार वर्षांत चार हजार चाललेल्या गाडीपेक्षा बरी. उभ्या गाडीची बॅटरी बसते, टायर कडक होतात, टाकीत पेट्रोल शिळं होतं, ब्रेक ऑइल ओल शोषतं, आणि उंदीर वायरिंग खातात. हो, उंदीर. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभ्या मॅक्सीच्या पॅनलमागच्या जागेपेक्षा चांगली जागा त्यांना मिळत नाही.

गाडी बघायला गेल्यावर सुरुवात कुठून करावी?

इंजिनापासून, आणि तेही थंड असताना. फोनवरच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर सायलेन्सरजवळ हात न्या. गरम लागला तर समजा की थंड इंजिनाची तक्रार लपवायची आहे. चहा घ्या, गप्पा मारा, गार होऊ द्या.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवली की कन्सोलवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवल्यावर लागलाच नाही, तर कोणीतरी तो बंद केला असण्याची शक्यता आहे. सेल एका दमात लागायला हवा. एरॉक्सला किक नाही, त्यामुळे मरतुकडी बॅटरी म्हणजे रस्त्यात ढकलगाडी. मेकॅनिककडे साधा मल्टीमीटर असतो. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक आहे.

सुरू झाल्यावर दोन मिनिटं नुसतं ऐका. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळतंय. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येते आणि थांबते, ती चालते.

बेल्ट, व्हेरिएटर, क्लच यातलं मला काही कळत नाही. काय तपासायचं?

मॅक्सीची सगळी गंमत याच डब्यात आहे. डाव्या बाजूच्या लांबट कव्हराखाली पुढे व्हेरिएटर, त्यात छोटे रोलर, मागे सेंट्रिफ्यूगल क्लच, आणि दोघांमध्ये फिरणारा रबरी व्ही-बेल्ट. इंजिनाचा वेग वाढला की रोलर बाहेर सरकतात, पुढची पुली जवळ येते, बेल्ट वर चढतो आणि गिअर बदलल्याचं काम न बदलताच होतं.

चालवून पाहताना या गोष्टींकडे लक्ष द्या. थांबलेल्या गाडीला हळूच ॲक्सिलेटर दिला की ती थरथरत, हिसके देत निघते का? तसं असेल तर क्लच शू किंवा क्लच बेल तापून चकचकीत झालीय. हे इंजिन गरम झाल्यावर जास्त जाणवतं, म्हणून दहा मिनिटं चालवून झाल्यावरही पुन्हा पाहा. आवाज वाढतोय पण गाडी तेवढी पुढे जात नाही, असं असेल तर बेल्ट झिजला असेल किंवा घसरत असेल. चाळीसच्या आसपास पिकअप अडखळतो आणि मग एकदम सुटतो, तर बहुधा रोलर एका बाजूने चपटे झालेत. वेगाबरोबर वाढणारा घरघराट मागच्या चाकाजवळून आला तर बेअरिंग किंवा मागच्या गिअरबॉक्सकडे बोट जातं. त्यातलं गिअर ऑइल कित्येक मालकांनी जन्मात बदललेलं नसतं, कारण ते वेगळं असतं हेच माहीत नसतं.

बेल्ट साधारण वीस ते पंचवीस हजार किलोमीटरच्या टप्प्यात बदलायला येतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तो पाहा. पंचवीस हजार झालेत आणि बेल्ट बदलल्याचं बिल नाही, तर बेल्ट आणि रोलर सेटचा खर्च किमतीतून वजा करायचा, यावर वाद घालू नका. मालक तयार असेल तर कव्हर उघडून बघा. अनुभवी हाताला अर्धा तासही लागत नाही. बेल्ट उलटा वाकवला की भेगा दिसतात. काळी धूळ असणं स्वाभाविक आहे. चिकट ग्रीस किंवा ऑइल उडालेलं असेल तर कुठलं तरी सील गेलंय.

चढावर डबलसीट तपासलं नाही तर हे सगळं अर्धवट राहतं. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट, साताऱ्याकडे असाल तर खंबाटकी. एवढं लांब जाणं जमत नसेल तर पार्किंगच्या रॅम्पवर मागे कोणाला तरी बसवून गाडी थांबवा आणि पुन्हा काढा.

एरॉक्समध्ये खास काय बघायचं?

तिचं इंजिन लिक्विड कूल्ड आहे, १५५ सीसी, १५ पीएसचं. रेडिएटर इंजिनाच्या उजव्या बाजूला असतो, म्हणजे मागच्या चाकाच्या चिखलाच्या अगदी शेजारी. त्याच्या जाळीत चिखल थापलेला नसावा. होजच्या जोडाशी पांढरी किंवा हिरवट खपली म्हणजे कूलंट झिरपतोय. टाकीतली पातळी खुणांच्या मध्ये हवी. ऑइलची डिपस्टिक काढून पाहा. दुधाळ, कॉफीसारखा रंग असेल तर आत पाणी गेलंय.

यात व्हीव्हीए आहे, म्हणजे साधारण ६००० आरपीएमवर व्हॉल्व्हचा कॅम बदलतो आणि गाडी पुढे झेपावते. त्या वेळी कन्सोलवर व्हीव्हीए लिहिलेलं उमटतं. मोकळ्या रस्त्यावर एकदा ॲक्सिलेटर पूर्ण पिळून ते उमटतंय का आणि ढकलल्यासारखं जाणवतंय का, हे पाहा.

एरॉक्स ही हौशी पोरांची आवडती गाडी आहे, म्हणून तिच्यात फेरफार भरपूर. रोलर हलके, स्प्रिंग कडक, सायलेन्सर बाहेरचा, वायरिंगला फॉग लाइटचे टाके. ओरिजिनल पार्ट मालकाने जपून ठेवले असतील तर ते सोबत मागा. नसतील तर किंमत पाडा किंवा दुसरी बघा. कर्कश सायलेन्सरची गाडी घेतली की दंडही तुमच्याच नावावर येणार.

आणि एक घरगुती सूचना. हिच्या मधोमध कणा आहे, सपाट फूटबोर्ड नाही. दळण, गॅसची टाकी, मंडईतली पिशवी पायाशी ठेवायची सवय असेल तर बर्गमन घ्या.

ब्रेक, शॉकअप आणि हँडलची परीक्षा कशी घ्यायची?

गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक हवेत ठेवा आणि हँडल हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवा. मधोमध ‘टक’ करून अडकल्यासारखं झालं तर बॉल रेसर, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेलेत. आपल्या खड्ड्यांत हे लवकर होतं. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवली आणि खडखड जाणवली, तरी तेच. शॉकअपच्या चकचकीत नळीवर ऑइलचं गोल वळं दिसलं तर सील गळतंय.

डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मेकॅनिकच्या व्हर्नियरने मोजून घ्या. एरॉक्स आणि एसएक्सआर १६० ला सिंगल चॅनल एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, फक्त पुढच्या चाकाला. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. तो सतत लागून राहिला तर सेन्सर किंवा वायरची तक्रार आहे. बर्गमनला एबीएस नाही, कंबाइंड ब्रेकिंग आहे. डावा लिव्हर दाबला की पुढचाही थोडा लागायला हवा. या तिघींच्याही मागे ड्रम आहे, लायनर संपत आला की आवाज करतो.

हँडलवरची पकड क्षणभर सैल करून गाडी एका बाजूला ओढते का, हे मोकळ्या आणि सपाट रस्त्यावर कमी वेगातच पाहा.

टायर बघायचे म्हणजे नक्षीच ना?

नक्षी आणि वय. टायरच्या कडेला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२१. म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षं उलटली असतील तर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचा धरा. एरॉक्सच्या मागच्या १४० सेक्शनच्या टायरची किंमत आधी विचारून ठेवा, साध्या स्कूटरच्या टायरइतकी नसते. अलॉयच्या कडेला चेप असेल तर ट्यूबलेस टायर हवा धरत नाही.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

२०१९ आणि २०२१ ला कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याचा एकतानगरी परिसर. दर वेळी बुडालेल्या गाड्या धुवून, पुसून दुसऱ्या शहरात विकायला निघतात. त्यामुळे गाडी कोणत्या शहरात नोंदवलीय आणि मालक त्या वेळी कुठे राहत होता, हे सहज गप्पांत विचारा.

डिकीचा तळ काढता येतो, तो काढून खाली बोट फिरवा. बारीक, पिठासारखा चिखल एकदा गेला की पूर्ण निघत नाही. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, वायरच्या कपलरवर हिरवट थर, एअर फिल्टरच्या डब्यात गाळ, सीटच्या फोममध्ये कुबट वास, बोल्टच्या डोक्यांवर सारख्याच उंचीपर्यंत गंज, यातलं काहीही सापडलं तर उठा. इंजिन नंतर सुधारता येतं. इलेक्ट्रॉनिक्सची कटकट वर्षानुवर्षं चालते.

बर्गमन घ्यायची तर कोणत्या सालची?

२०२० च्या आधीची बीएस४ (प्रदूषणाच्या जुन्या निकषांची), कार्ब्युरेटरची. ती स्वस्त, कोणताही फिटर दुरुस्त करतो. २०२० पासून बीएस६, फ्युएल इंजेक्शनची. थंडीत चटकन सुरू होते, पण बिघडली तर स्कॅनर असलेला मेकॅनिक लागतो. मागचं चाक पहिल्यापासून दहा इंची आहे, आणि तेवढ्या मोठ्या अंगाला ते चाक शोभत नाही हे सगळ्यांचंच म्हणणं. डिसेंबर २०२२ मध्ये बर्गमन स्ट्रीट ईएक्स आली, तिला मागेही बारा इंची चाक आहे. खड्ड्यांत फरक पडतो. परवडत असेल तर ईएक्सच शोधा.

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या बीएस४ गाडीचे पेट्रोलचे पाइप आणि रबर मात्र नीट तपासा, कारण पंपावर आता ई२०च मिळतं.

एसएक्सआर १६० खूप स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

चालवायला ती मजेदार आहे, बसायला ऐसपैस, टाकी सात लिटरची. स्वस्तात मिळण्याचं कारण बहुतेक वेळा गाडी नसून सर्व्हिस सेंटरचं अंतर असतं. तुमच्या गावात किंवा वीस-पंचवीस किलोमीटरवर चालू असलेलं सेंटर आहे का आणि पार्ट किती दिवसांत येतो, हे तिथे स्वतः जाऊन विचारा. उत्तर समाधानकारक असेल तर ही जुन्या बाजारातली सगळ्यात दुर्लक्षित चांगली गाडी आहे.

बीएमडब्ल्यू सी ४०० जीटी?

२०२१ मध्ये ती ९ लाख ९५ हजार एक्स-शोरूमला आली होती. जुनी अर्ध्या किमतीत मिळाली तरी तिचा टायर, ब्रेक पॅड आणि सर्व्हिस अर्ध्या किमतीत मिळत नाही. वजन दोनशे किलोच्या वर आहे. सोसायटीच्या उतारावर एकदा मागे ढकलून पाहा, मग ठरवा.

किंमत रास्त आहे हे कसं कळायचं?

आधी त्याच मॉडेलची आजची नवी ऑन-रोड किंमत काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या. मालक मात्र त्याने त्या वेळी मोजलेल्या पैशांवरून हिशोब करतो. तो त्याचा हिशोब झाला, तुमचा आजच्या किमतीवरून.

पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेला गाडीच्या किमतीचा आकडा, लिहिलेला असतो. तो बाजारभाव नसतो, पण बोलणी सुरू करायला चांगला आधार. रूढ तक्त्याप्रमाणे तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. त्यात टायर, बेल्ट-रोलर, बॅटरी, नाव बदलण्याचा आणि इन्शुरन्सचा खर्च लिहून काढा आणि कागद मालकासमोर ठेवा. तोंडी घासाघीस करण्यापेक्षा कागद जास्त काम करतो.

कागदपत्रं कोणती बघायची?

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, इन्शुरन्स, पीयूसी आणि कर्जाचा बोजा पाहा. नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण जुळवायला पुरतं. मग चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. मॅक्सीत चासी नंबर बऱ्याचदा पॅनलमागे किंवा सीटखाली असतो, तो कुठे आहे हे मालकालाच दाखवायला सांगा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथेच थांबा. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या) पोर्टलवर गाडी चोरीची नोंदवलेली आहे का तेही पाहता येतं.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवर थकलेला दंड दिसतो. तो मालकाने भरायचा, आणि विसार देण्याआधी.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. ‘कर्ज फिटलंय, फक्त आरसीवरून उतरवायचं राहिलंय’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं. ते उतरल्यावरच पूर्ण पैसे द्या. ऑनलाइन प्रक्रियेत ओटीपी जातो, म्हणून मालकाचा नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. मालक हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने बदल व्हायला हवा. मुलगा किंवा पुतण्या सही करून देतो म्हणाला तरी त्याला अर्थ नाही. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का, तेही पाहा.

दोन्ही चाव्या मागा. स्मार्ट की असलेल्या मॉडेलमध्ये दुसरी चावी हरवली असेल तर नवी कोडिंग करून घ्यायला भरपूर पैसे पडतात.

‘नाव नंतर करू, फॉर्मवर सह्या घेऊन ठेवा’ असं म्हणतात. चालेल?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्यालाही हे समजावून सांगा. अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीकृत मालकाला जबाबदार धरतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलंय. हे कळल्यावर विकणाराच आरटीओत पळतो.

गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सह्यांनी करा. कॅमेऱ्यातलं चलन कोणाचं, हा वाद तिथेच संपतो.

इन्शुरन्स २०२७ पर्यंत आहे म्हणतात. मग काळजी नाही ना?

आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. २०२७ ही तारीख बहुधा त्याची. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा असतो आणि तो कधीच संपलेला असू शकतो. दोन्ही तारखा वाचा. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे थोडा फरक भरावा लागतो.

कर्नाटक किंवा गोवा पासिंगची गाडी स्वस्त मिळते. घ्यावी का?

बेळगाव, कारवार, पणजीकडून येणाऱ्या गाड्यांना तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. तो हिशोब केल्यावर स्वस्ताई बहुतेक वेळा उडून जाते. एनओसी हातात असेल तरच बोला.

थेट मालकाकडून घ्यावी की डीलरकडून?

मालकाकडून घेतली तर इतिहास कळतो. डीलरकडे पर्याय जास्त. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते भिंतीवर आहे का पाहा, नसेल तर विचारा. ऑनलाइन जाहिरातीत ‘मी फौजी आहे, बदली झाली, गाडी कुरिअरने पाठवतो, आधी गेटपासचे पैसे भरा’ अशी भाषा दिसली की फोन ठेवा. गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही.

मेकॅनिकला सोबत नेणं गरजेचं आहे का?

हो, आणि त्याला पैसे द्या. ओळखीच्या माणसाला चहावर नेलं तर तो संकोचाने ‘चांगली आहे की’ म्हणतो. ज्याने त्याच मॉडेलचं काम केलंय तोच न्या. बाकी मेकॅनिक कितीही चांगला असला तरी एरॉक्सचं कोणतं पॅनल आधी काढायचं, हे शोधण्यातच त्याचा वेळ जातो, आणि मालकाचा धीर सुटतो.

गाडी घरी आली. आता आधी काय करायचं?

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर तेही. बेल्टचं कव्हर उघडून साफ करून घ्या आणि बेल्ट-रोलरची स्थिती लिहून ठेवा, किलोमीटरसकट. ब्लूटूथ असेल तर जुन्या मालकाचा फोन कन्सोलमधून काढा, नाहीतर त्याच्या बायकोचा फोन आलेला तुम्हाला कात्रजच्या बोगद्यात दिसेल. सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन कंपनीने काही भाग परत बोलावून बदलायला सांगितलंय का, तेही विचारून घ्या. ते काम कंपनी फुकट करते, मालक दुसरा असला तरी.